चांदीच्या वाटेने नवस फेडायला: रेआल दे कातोर्से

मेक्सिकोतल्या मातेवाला शहराहून निघालेली बस सेद्राल गाव मागे टाकते आणि डांबरी रस्ता संपून दगडगोट्यांची फरसबंदी सुरू होते. पुढचे वीसेक किलोमीटर बस खडखडत डोंगर चढत राहते. दोन्ही बाजूंना युक्का, फड्या निवडुंग आणि काटेरी झुडपे. पाण्याचा कुठे मागमूस नाही. शेवटी एका बोगद्याच्या तोंडाशी सगळ्यांना उतरावे लागते, कारण मोठी बस त्यात मावत नाही आणि पलीकडे जायला लहान गाडीच धरावी लागते. बोगदा एकेरी आहे. तोंडाशी बसलेला माणूस पलीकडच्या टोकाला फोन लावून वाट मोकळी असल्याची खात्री करतो आणि मगच गाडी आत सोडतो. त्या गाडीत माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक चपटी वस्तू होती आणि प्रत्येक धक्क्याला त्या ती दोन्ही हातांनी घट्ट धरत होत्या.

या बोगद्याचे नाव ओगारिओ. स्पेनच्या कांताब्रिया प्रांतातल्या ज्या गावातून इथल्या खाणमालकांचे घराणे आले, त्या गावाचे हे नाव. सुमारे 2.3 किलोमीटर लांबीचा हा बोगदा 1901 साली खुला झाला. आत भिंतींना गिलावा नाही. छिन्नी-सुरुंगाने फोडलेला खडक तसाच दिसतो आणि ओल्या दगडाचा गारवा अंगाला झोंबतो.

बोगद्यातून बाहेर पडताच उन्हाने डोळे दिपतात आणि समोर रेआल दे कातोर्से उभे राहते. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,700 मीटर उंचीवरच्या या गावात पहिला चढ चढतानाच मला धाप लागली. सान लुईस पोतोसी राज्याच्या उत्तरेकडील या डोंगरांत 1770च्या दशकात चांदीची शीर सापडली आणि पाहता पाहता उघड्याबोडक्या उतारावर शहर वसले. ‘रेआल’ म्हणजे राजाच्या अमलाखालची खाणवसाहत आणि ‘कातोर्से’ म्हणजे चौदा. हे चौदा कोण, याविषयी गावात दोन कथा सांगतात: कुणी म्हणते सैनिक, कुणी म्हणते दरोडेखोर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावाचे नाव ग्वानाहुआतो आणि साकातेकास या चांदीच्या मोठ्या शहरांच्या बरोबरीने घेतले जात होते. कोंबड्यांच्या झुंजींसाठी बांधलेला पायऱ्यापायऱ्यांचा गोलाकार आखाडा, बैलझुंजीचे मैदान आणि 1860च्या दशकात अल्पकाळ चाललेली टांकसाळ या वास्तू आजही उभ्या आहेत. 1895 साली राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास स्वतः खाणीतल्या नव्या यंत्रांच्या उद्घाटनासाठी इथे आले होते.

मात्र तोवर चांदीचा भाव घसरणीला लागला होता, आणि या घसरणीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. 1893पर्यंत कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि ठरलेले शुल्क भरून तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्या वर्षीच्या जून महिन्यात ब्रिटिश सरकारने ती बंद केली आणि जगातले चांदीचे एक मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. युरोपातले देश आधीच सोन्याकडे वळले होते, अमेरिकेनेही त्याच वर्षी सरकारी चांदीखरेदी थांबवली, आणि 1905 साली खुद्द मेक्सिकोने सुवर्णमानाचा, म्हणजे चलन सोन्याशी बांधण्याचा, मार्ग धरला. फोर्टमधल्या टांकसाळीवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. तिथल्या एका निर्णयाची झळ या डोंगरातल्या घरांनाही लागली असेल, हे मला इथल्या छप्पर उडालेल्या भिंतींमध्ये उभे राहिल्यावर प्रथम जाणवले. पुढे 1910च्या क्रांतीची धामधूम उसळली, खाणी बंद पडत गेल्या, आणि हजारोंच्या गावात मोजकी कुटुंबे उरली.

म्हणूनच या गावाला सर्रास ‘भुताचे गाव’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. चांदी निघण्याच्या कितीतरी आधीपासून विशारिका हे इथले आदिवासी लोक पश्चिमेकडच्या आपल्या डोंगरांतून शेकडो किलोमीटरची यात्रा करून इथे येत आहेत. खालचे वाळवंट आणि हे डोंगर मिळून त्यांची विरिकुता ही पुण्यभूमी होते. सेरो केमादो म्हणजे ‘जळका डोंगर’ या शिखरावर सूर्य जन्मला, अशी त्यांची श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती सुमारे दोन तासांची चढण चढलो. माथ्यावर दगडांची एकात एक वर्तुळे रचलेली आहेत आणि जवळच्या लहानशा देवळीत मेणबत्त्या, पिसे बांधलेले बाण आणि मणी जडवलेल्या भोपळ्याच्या वाट्या अर्पण केलेल्या आहेत. मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. याच भागात एका परदेशी कंपनीला पुन्हा चांदी काढण्याचे परवाने मिळाले होते, तेव्हा विशारिका लोकांनी राजधानीपर्यंत आवाज उठवला आणि न्यायालयातून खाणकामाला स्थगिती मिळवली. 2025 साली युनेस्कोने त्यांचा यात्रामार्ग जागतिक वारसा यादीत घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे.

संध्याकाळी मी चर्चमध्ये गेलो. इथला संत फ्रान्सिस भक्तांचा ‘पांचितो’ (फ्रान्सिस्कोचे लाडके नाव) आहे. 4 ऑक्टोबरच्या त्याच्या उत्सवाला हजारो लोक येतात, तेही त्याच बोगद्यातून. चर्चच्या एका दालनाच्या भिंती पत्र्यावर रंगवलेल्या नवसाच्या चित्रांनी भरून गेल्या आहेत. वर एका कोपऱ्यात संत, मधे घडलेला प्रसंग आणि खाली चार-पाच ओळींत आभार: खाणीत कोसळलेली दरड, उलटलेला ट्रक, शस्त्रक्रियेचे टेबल, रात्रीच्या अंधारात ओलांडलेली अमेरिकेच्या सीमेवरची नदी. रंगवणाऱ्याचा हात साधा असतो, काही ठिकाणी अक्षरे ओळीत मावलेली नसतात, पण खाटेवरच्या माणसाच्या चादरीवरची फुलेसुद्धा एकेक करून काढलेली असतात.

गाडीतल्या त्या बाई तिथेच होत्या. त्यांनी टॉवेल सोडला. आतल्या पत्र्यावर दवाखान्याची खाट, सलाईनची बाटली, खाटेवर एक लहान मुलगी आणि पायथ्याशी गुडघे टेकलेली निळ्या शालीतली एक स्त्री होती. बाईंच्या खांद्यावर तीच निळी शाल होती. भिंतीवर जागा उरली नव्हती. चर्चच्या वृद्ध सेवकाने बराच वेळ वर-खाली पाहिले, मग खाणीतल्या दरडीची दोन गंजलेली चित्रे थोडी बाजूला सरकवली आणि मधल्या जागेत खिळा ठोकला.