उभी फास्ट

दुपारी दादरला कल्याण फास्ट पकडली. माटुंगा मागे पडलं आणि शीवच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. पंखे फिरत होते, पण वारा नव्हता. शेजारच्या काकूंनी डबा उघडून साबुदाण्याची खिचडी पुढे केली. “घ्या हो. आज माझा फास्ट आहे.”

गाडी फास्ट, पण फास्ट जात नाही, आणि काकूंचा फास्ट. विशेषण, क्रियाविशेषण आणि नाम, तिघंही लेडीज सेकंड क्लासात, एकाच पासावर. शब्दाच्या अंगावर काही खूणगाठ नाही. कुठे बसलाय ते बघायचं आणि ओळखायचं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला यायचं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर आमची दहावी उरकली होती. लालबागला चाळीच्या गॅलरीत सतरंजी टाकून बाई शिकवणी घेत. त्यांचा नियम सोपा होता: शेवटी एलवाय दिसलं की डोळे मिटून क्रियाविशेषण. मी डोळे मिटले. स्लोली, क्विकली, फ्रेंडली, फॅमिली, इटली.

“अगं, फ्रेंडली विशेषण, फॅमिली नाम. आणि इटली देश आहे गं!”

सबंध मजल्याने ऐकलं. पुढे दहावीपर्यंत मला कुणी नावाने हाक मारली नाही. “ए इटली, आईने बोलावलंय.”

तरी एलवायवरची श्रद्धा सुटली नाही. नोकरीच्या पहिल्या अर्जात ‘आय वर्क हार्डली’ असं झोकात लिहिलं. मुलाखतीतल्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “मग इथे तरी कराल का?” नुसतं हार्ड म्हणजे कष्टाने, आणि हार्डली म्हणजे जेमतेम, हे मला घरी आल्यावर डिक्शनरीत कळलं.

मराठीत तरी कुठे सुख आहे? ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते.’ चांगलं काय, तर गाणं. मग ‘चांगला’ने गाणाऱ्याचं लिंग का बघावं? क्रियाविशेषण अव्यय म्हणजे न बदलणारं, असं आम्ही घोकलेलं. ‘छान’ मुकाट्याने पाळतो तो नियम; ‘चांगला’ पाळत नाही. दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण १८३६ साली छापलं, बोरीबंदरहून पहिली गाडी सुटण्याच्या सतरा वर्षं आधी. एवढ्या वर्षांत या ‘चांगला’ला कुणी नीट जागेवर बसवलंय का, म्हणून मी बाईंना विचारलं होतं. “परीक्षेला येत नाही ते,” बाई म्हणाल्या.

खिचडी मात्र चांगली होती. इथे विशेषण. बहुतेक.

बाजूने एक स्लो लोकल आली आणि आमच्या डोळ्यांदेखत फास्ट निघून गेली. काकूंनी डबा मिटला. “कुर्ल्याला किती वेळ लागेल हो?”

“हार्डली पाच मिनिटं,” मी म्हणाले.

वीस लागली.