तुम्ही विचारलंत म्हणून: स्प्लिटच्या आधी शेअर घ्यावा का?

एखाद्या टेक कंपनीने स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे तुकडे करून जास्त शेअर करणं, जाहीर केला की गोव्यात फोंड्यातल्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न ठरलेला: "काका, स्प्लिटच्या आधी घेऊन ठेवू?" वेर्ण्याला आयटीत नोकरी करणारी मुलं तर हमखास विचारतात. माझं उत्तर: कंपनी आवडत असेल तर घ्या, निव्वळ स्प्लिटसाठी नको.

वेर्ण्यातच ऑफिस असलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीचं बघा. १ एप्रिल २०२४ च्या रेकॉर्ड डेटला (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला स्प्लिट लागू) १० रुपये दर्शनी मूल्याच्या, म्हणजे कागदोपत्री किंमतीच्या, एका शेअरचे ५ रुपयांचे दोन झाले. आठ हजारांच्या आसपासचा भाव चार हजारांवर आला. कुळागराची, म्हणजे सुपारीच्या बागेची, फाळणी होऊन एकाचे दोन सर्व्हे नंबर झाले, म्हणून सुपारी काही जास्त लागत नाही. कंपनीचा नफा तेवढाच, शेअर दुप्पट, म्हणून प्रति शेअर कमाईसुद्धा निम्मी होते.

अशा दिवशी घाबरलेले फोन हमखास येतात. ॲपमध्ये पन्नास टक्के तोटा लाल अक्षरांत दिसत असतो. भाव सकाळीच निम्मा होतो, वाढीव शेअर डिमॅट खात्यात (जिथे आपले शेअर ठेवलेले असतात) जमा व्हायला मात्र दोनेक दिवस जातात. तेवढं थांबा; घाईने विकू नका, कळकळीने सांगतो.

"पण स्प्लिट म्हटलं की भाव चढतो ना?" चढतो पुष्कळदा. मात्र मुळात स्प्लिट करायची वेळ येते ती भाव आधीच भरपूर वाढलेला असतो म्हणून. चिप बनवणाऱ्या अमेरिकेच्या एनव्हिडियाने २२ मे २०२४ रोजी एकास दहा स्प्लिट जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी शेअर नऊ टक्क्यांनी उसळला. पण स्प्लिट जाहीर झाला त्याच संध्याकाळी निकालही आले होते: तिमाहीची विक्री २६ अब्ज डॉलर, वर्षभरापूर्वीच्या साडेतीनपटीहून जास्त. श्रेय स्प्लिटला द्यायचं की विक्रीला? उलट ॲमेझॉनने जून २०२२ मध्ये आणि गूगलच्या अल्फाबेटने जुलैत एकाचे वीस शेअर केले. व्याजदर चढत होते, टेक शेअर पडत होते. वर्षअखेर दोन्ही शेअर स्प्लिटच्या वेळच्या भावाच्या बरेच खाली होते.

स्प्लिट अगदीच निरर्थक असतो, असंही नाही. आपल्या बाजारात अर्धा-पाव शेअर मिळत नाही, त्यामुळे महिन्याला पाच हजार बाजूला टाकणाऱ्याला आठ हजारांचा शेअर परवडत नाही, चार हजारांचा परवडतो. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक तर शेअरच्या भावावरच वजन ठरवतो. हजार-बाराशे डॉलरचा एनव्हिडिया त्यात बसवणं कठीण होतं, एकट्याचंच वजन फार झालं असतं. स्प्लिटनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आत आला.

आणि विकताना, नफ्यावरच्या कराच्या हिशेबासाठी, खरेदीची जुनी नोंद हाताशी ठेवा. स्प्लिटमध्ये मूळ खरेदी किंमत नव्या शेअरांवर विभागली जाते, तारीख मूळ खरेदीचीच धरतात. बोनस शेअरचं, म्हणजे कंपनी फुकट देते त्या जादा शेअरांचं, वेगळं: त्यांची खरेदी किंमत शून्य आणि शेअर किती काळ ठेवला ती मुदत ते मिळाल्या दिवसापासून. कर भरताना लोक नेमके इथेच अडकतात.