कर्जाचे स्पॅम आणि कर्जतचे गिऱ्हाईक

दापोलीजवळच्या आमच्या आंबाव्यवसायाची मेल ज्या भाड्याच्या सर्व्हरवर येते, तेथे स्पॅम गाळण्यासाठी स्पॅमअसॅसिन बसवलेले आहे. ऐन हापूसच्या हंगामात मागण्यांपेक्षा ‘त्वरित कर्ज मिळवा’ छापाच्या मराठी मेलच जास्त येऊ लागल्या, तेव्हा ‘कर्ज’ या शब्दासाठी सर्व्हर कंपनीकडून वेगळा नियम घालून घेतला. तो काही केल्या लागेना.

मदतकक्षाचे उत्तर दर वेळी एकच: ‘लिंट तपासणीत दोष नाही.’ या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण लिंट केवळ नियमाची मांडणी तपासते. तो नियम प्रत्यक्ष मेलला लागतो की नाही, याच्याशी तिला देणेघेणे नसते. त्यासाठी खरी स्पॅम मेल फाइल म्हणून जतन करून तिच्यावर चाचणी चालवावी लागते, निदान आलेल्या मेलच्या हेडरमधील (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदींतील) ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ही ओळ तरी वाचावी लागते. लागलेल्या नियमांची नावे तेथे असतात. आमच्या नियमाचे कधीच नव्हते.

दोष निघाला तो शब्दाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या ‘बॅकस्लॅश बी’ या शब्दसीमेच्या खुणेत. नियम अक्षरे नव्हे, तर ती संगणकात ज्या आकड्यांनी साठवली जातात ते बाइट जुळवून पाहतात आणि देवनागरीचे बाइट या खुणेच्या लेखी अक्षरेच नसतात, त्यामुळे मोकळ्या जागेनंतर ‘क’ आला तरी तेथे शब्द सुरू झाला असे ती मानत नाही. खुणा काढून घेतल्या, नियम लागू लागला, आणि कर्जतच्या जुन्या गिऱ्हाइकाची पेट्यांची मागणी थेट स्पॅममध्ये जाऊन पडली! मग मीच अट लिहून पाठवली, की ‘कर्ज’च्या लगेच पुढे ‘त’ नसेल तरच नियम लागावा. ‘कर्जाचा’, ‘कर्जासाठी’ ही रूपे तरीही सापडतात.

लागलेला प्रत्येक नियम मेलला काही गुण देतो, त्या गुणांचेही पाहून घ्यावे. स्पॅम ठरवण्याची मूळ मर्यादा एकूण ५ गुणांची असते आणि मदतकक्षाने या एकट्या नियमाला ६ गुण दिले होते. मी ते २ करायला लावले. स्पॅमअसॅसिनची आवृत्ती ४.० च्या आधीची असेल, तर मजकूर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत आणणारी ‘नॉर्मलाइझ कॅरसेट’ ही सोय मुळात बंद असते, ती आधी चालू करावी. शिवाय ‘स्पॅमडी’ हा स्पॅमअसॅसिनचा सतत चालू राहणारा भाग वापरात असेल, तर तो पुन्हा सुरू केल्याशिवाय बदललेला नियम वाचलाच जात नाही, आणि आमच्याकडे ते बटण अजूनही मदतकक्षाच्याच हाती आहे.