ओणवी हो, बाळा

नरक चतुर्दशीला लेकीच्या पाठीला तेल-उटणं लावताना उजव्या फऱ्यापाशी हाताला उंचवटा लागला. डावीकडे तसं काही नव्हतं. ती 13 वर्षांची. नेहमीच्या डॉक्टरांनी "पोक काढून बसते, दप्तर जड असेल" म्हणून परत पाठवलं, आणि पुढचे पंधरा दिवस मी तिला उठता-बसता "ताठ बस" म्हणून टोकत राहिले. त्याचं अजून वाईट वाटतं. कारण मणक्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, हा स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकणं. तो दप्तराने होत नाही, बसण्यानेही नाही. या वयात बहुतेकदा कारण सापडतच नाही.

पाठ उघडी करावी लागते, हे मुलीला घरीच सांगून ठेवा. माझी लेक तेवढ्यावरून रडवेली झाली होती. नर्सताई शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा निवळली. डॉक्टरांनी खांदे, कंबर, दोन्ही पायांची लांबी पाहिली. मग म्हणाले, "गुडघे न वाकवता ओणवी हो, बाळा. हात जोडून खाली सोड." ती वाकली तशा उजव्या बरगड्या वर आल्या. त्यावर त्यांनी गवंड्याच्या लेव्हलसारखी छोटी पट्टी ठेवली, आतली गोळी 8 अंशांवर थांबली. बेंबीभोवती बोथट टोकाने रेघा ओढल्या, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मज्जारज्जूत काही गडबड नाही ना, याचा अंदाज त्यावरून येतो म्हणे.

एक्स-रे उभ्यानेच, सगळा कणा एकत्र दिसेल असा. किरण पाठीकडून सोडतात, छातीला कमी लागावेत म्हणून.

कण्याचा बाक निघाला 22 अंश. दहापासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात. मला त्या आकड्यापुढे काही ऐकूच येईना. डॉक्टर मात्र वेगळंच विचारत होते: पाळी कधी सुरू झाली? वर्षभरात उंची किती वाढली? एक्स-रेत कमरेच्या हाडाची कड दाखवून म्हणाले, "ही अजून भरायची आहे, म्हणजे वाढ बाकी आहे." मुलं झपाट्याने उंच होतात तेव्हाच बाक वाढायची भीती जास्त. वाढ संपलेल्या मुलीचे 22 अंश वेगळे, हिचे वेगळे. 25 च्या पुढे गेला तर ब्रेस (कण्याला आधार देणारा, अंगावर घालायचा कडक पट्टा), ऑपरेशनचा विचार साधारण 45-50 च्या पुढे. खेळ, कथक सगळं चालू ठेवायचं.

उंचीचं उत्तर मला देता आलं नाही. लेकच म्हणाली, "आई, बाबा दर दिवाळीला दाराच्या चौकटीवर खुणा करतात ना!" घरी येऊन टेप लावली. गेल्या दिवाळीपासून 7 सेंटिमीटर. लगेच फोन करून कळवलं. सहा महिन्यांनी ठरलेला एक्स-रे त्यांनी चार महिन्यांवर आणला. मार्चची तारीख मिळाली आहे.