बोलेस्लावने बोलेस्लावला

पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात नामसूची असते ना, ती बनवणं हे माझं काम. पंधरा वर्षं झाली. लोकांना वाटतं कॉम्प्युटर एका क्लिकवर काढून देतो. मराठीतली पुष्कळ पुस्तकं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात, पीडीएफमध्ये नाव टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही, त्यामुळे छापील प्रूफ घ्यायचं, ओळीखाली पट्टी धरायची आणि नाव आलं की कार्डावर पान टाकायचं. बरं, पानांचे नंबर पक्के झाल्याशिवाय सूची सुरूच करता येत नाही, म्हणजे अनुवादकापासून डीटीपीवाल्यापर्यंत सगळ्यांचा उशीर शेवटी माझ्या वाट्याला येतो.

मागच्या वर्षी मध्य युरोपच्या मध्ययुगीन इतिहासावरचं एक अनुवादित पुस्तक आलं. प्रूफ शुक्रवारी दुपारी, प्रेसला सोमवारी सकाळी. शनिवारी रात्रीपर्यंत कार्डं झाली. रविवारी सकाळी ब च्या गठ्ठ्यात एक कार्ड हातात आलं, माझ्याच अक्षरातलं, 'बोलेस्लाव तिसरा, डोळे काढणे, ८७, १४२'. मनात आलं, एका माणसाचे डोळे दोनदा कसे काढतील?

८७ उघडलं, साल १००३. १४२ उघडलं, १११२ च्या सुमारास. मधे शंभरावर वर्षं.

मग लक्षात आलं की हे दोन वेगळे तिसरे आहेत. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेकचा, बोलेस्लाव तिसरा, तांबड्या केसांचा म्हणून ओळखला जाणारा, त्याचे डोळे १००३ मध्ये काढले गेले. आणि पोलंडचा बोलेस्लाव तिसरा, ज्याला वाकड्या तोंडाचा म्हणायचे, त्यानं स्वतःच्या सावत्र भावाचे, झ्बिग्निएवचे डोळे काढले. नाव तेच, क्रमांक तोच, कृत्यही तेच, फक्त एकानं भोगलं आणि दुसऱ्यानं केलं. सूचीत 'डोळे काढणे' एवढंच लिहायची पद्धत, कर्ता नाही कर्म नाही, त्यामुळे माझ्या कार्डावर दोघं एक झाले होते.

बाकीचे बोलेस्लाव काढून टेबलावर मांडले तर अख्खं टेबल भरलं. दुसरा बोलेस्लाव घ्या. बोहेमियाचा दुसरा धर्मनिष्ठ, त्याच्या काळात ९७३ मध्ये प्रागला बिशपची गादी आली. पोलंडच्या दुसऱ्यानं १०७९ मध्ये क्राकोचा बिशप स्टानिस्लाव याचा जीव घेतला, आणि पुढे तो बिशप संत झाला. माझ्या कार्डावर 'बोलेस्लाव दुसरा, बिशप' पुढे पाच पानं एका ओळीत. एकानं बिशप आणला, दुसऱ्यानं मारला, आणि विद्यार्थी ते कार्ड वाचून परीक्षेत काय लिहील?

सगळ्यात जास्त वेळ चौथ्यानं खाल्ला. पोलंडचा पहिला बोलेस्लाव, शूर म्हणतात तो, १०२५ मध्ये पोलंडचा पहिला राजा म्हणून अभिषेक झालेला. यानं १००३ ते १००४ प्रागही ताब्यात ठेवलं होतं, म्हणून बोहेमियाच्या यादीत तो बोलेस्लाव चौथा. शिवाय पोलंडचा स्वतःचा चौथा वेगळाच, कुरळ्या केसांचा, बाराव्या शतकातला. पोलंडचा एक पाचवाही आहे, लाजाळू म्हणून प्रसिद्ध. एकूण माणसं आठ आणि क्रमांक नऊ.

हा घोळ मूळ पुस्तकात नव्हता, हे मला सांगायचंच आहे. इंग्रजीत चेक आणि पोलिश नावांची स्पेलिंगं वेगळी होती, पोलिश नावातल्या एल अक्षरावर तिरकी रेघ असते आणि त्याचा उच्चार व कडे जातो. कानाला एक बोलेस्लाफ आणि दुसरा बोलेस्वाफ. देवनागरीत हे इतकं सोपं आहे, रोमन लिपीला रेघ मारावी लागते तिथे आपल्याकडे ल आणि व तयार आहेत. अनुवादकानं पहिल्या दोन प्रकरणांत फरक ठेवलाही होता. नंतर कुणीतरी 'एकसारखेपणा' म्हणून फाइंड-रिप्लेस मारून सगळे बोलेस्लाव करून टाकले. मराठी प्रकाशनात एकसारखेपणाच्या नावाखाली जेवढी माती झालीय तेवढी चुकांनी झालेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

संपादकांना फोन लावला. म्हणाले, "ताई, सगळे एकाच नोंदीखाली टाका ना, वाचकाला काय फरक पडतोय."

म्हटलं, "अहो, एकाचे डोळे गेलेत आणि दुसऱ्यानं काढलेत."

"बरं मग देश लिहा कंसात. पण सूचीला चारच पानं आहेत, शेवटचा फॉर्म सोळा पानी, त्यात बसलं पाहिजे."

मग रविवारचं जेवण बाजूला ठेवून मी वंशावळ काढायला बसले आणि तिथे मला हे नाव दोन्हीकडे कसं आलं ते कळलं. पहिला बोहेमियाचा बोलेस्लाव, क्रूर म्हणतात तो, सख्ख्या भावाला, संत वात्स्लावला मारून गादीवर आलेला. त्याची मुलगी दौब्रावका पोलंडच्या मिएश्कोला दिली, साल ९६५. पुढच्याच वर्षी मिएश्कोनं बाप्तिस्मा घेतला आणि ९६७ मध्ये मुलगा झाला, तोच शूर पहिला, त्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवलं. म्हणजे पोलंडच्या राजघराण्यात हे नाव आजोळहून आलं! दौब्रावकाचा भाऊ धर्मनिष्ठ दुसरा, आणि त्याचा मुलगा तांबड्या केसांचा तिसरा. मग १००३ मध्ये ज्यानं डोळे काढले तो पोलंडचा शूर पहिला त्या आंधळ्या झालेल्याचा आतेभाऊ. इंग्रजी पुस्तकात नुसतं कझिन होतं, अनुवादात 'चुलतभाऊ' झालं होतं. दोघांना नाव एकाच आजोबांचं, एकाला वडिलांकडून, एकाला आईकडून. आपल्याकडे घरोघरी अशी नावं असतात, आमच्याच घरात दोन दत्तात्रय आहेत.

आणि तो तांबड्या केसांचा काही साधा माणूस नव्हता, हेही सांगते. त्यानं स्वतःच्या भावाला, यारोमीरला खच्ची केलं होतं. लोकांनी हाकलल्यावर याच आतेभावानं त्याला परत गादीवर बसवलं, तर त्यानं आल्या आल्या सरदारांची कत्तल केली. उरलेल्यांनी पोलंडकडे निरोप धाडला. आतेभावानं भेटायला बोलावलं, पकडलं, डोळे काढले आणि प्राग घेतलं. पुढच्या वर्षी जर्मन राजाची फौज घेऊन यारोमीर आला तेव्हा प्राग सोडावं लागलं. आंधळा बोलेस्लाव मात्र कैदेतच राहिला आणि १०३७ मध्ये कैदेतच मेला. चौतीस वर्षं.

हे सगळं ८७ व्या पानावर एका वाक्यात होतं, 'बोलेस्लावने बोलेस्लावला बोलावून घेतले व त्याचे डोळे काढले.'

आता आमच्या धंद्यात एक शिस्त आहे, सूचीकारानं मजकुराला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहायचा, उत्तर संपादकानं बघायचं. ही शिस्त मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी लावली आणि मला ती मनापासून पटते, कारण अर्धवट माहितीवर दुसऱ्याचं वाक्य बदलणारे पुष्कळ पाहिलेत. मी त्या वाक्याशेजारी लिहिलं, 'कोणी कोणाला? देश घालावा.' एवढंच. १४२ वरही तसंच. आणि रात्री दीडपर्यंत सूची लावली, आठ नोंदी वेगळ्या, प्रत्येकीत देश, टोपणनाव आणि साल, आणि एक फिरती नोंद, 'बोलेस्लाव चौथा (बोहेमिया), पाहा बोलेस्लाव पहिला (पोलंड)'. सोमवारी सकाळी आठला प्रूफ देऊन आले.

महिन्याभरानं प्रत घरी आली. आधी सूची बघितली. आठही नोंदी होत्या. फिरती नोंद जागेअभावी काढली होती, वाईट वाटलं, पण समजू शकते. मग ८७ उघडलं.

'बोहेमियाच्या बोलेस्लावने पोलंडच्या बोलेस्लावला बोलावून घेतले व त्याचे डोळे काढले.'

माझा प्रश्न कुणीतरी वाचला होता, देशही घातले होते, फक्त उलटे. मूळ पुस्तक उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. हजार प्रती छापून झाल्या होत्या. आता सूची एक सांगते आणि मजकूर बरोबर उलट, आणि वाचक विश्वास मजकुरावरच ठेवणार, ठेवायलाच पाहिजे. आधीचं वाक्य संदिग्ध होतं पण खोटं नव्हतं. माझ्या पेन्सिलीनंतर ते खोटं झालं.

फोन केला. संपादक म्हणाले दुसऱ्या आवृत्तीत बघू. शुद्धिपत्राची चिठ्ठी घाला म्हटलं, तर त्यानं पुस्तकाची शोभा जाते म्हणे. ईमेल पाठवून ठेवलाय, दर दोन महिन्यांनी आठवण करते.

प्रागचा कोस्मास नावाचा इतिहासकार होता, ११२५ मध्ये वारला. त्यानं या प्रसंगात डोळे काढणाऱ्याचं नाव मिएश्को लिहिलं, मिएश्को तर ९९२ मध्येच गेलेला. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच्या स्वतःच्या गावातही गोष्ट फिरली होती. त्यानं मला बरं वाटत नाही. त्याच्यासमोर मूळ पुस्तक नव्हतं, आमच्या टेबलावर होतं.

तेव्हापासून मी ती शिस्त थोडी मोडते. समासात प्रश्न लिहिते आणि खात्री असेल तिथे उत्तरही लिहिते. दोन ठिकाणी त्यावरून बोलणी खाल्ली, एका संपादकबाईंनी तर काम देणंच थांबवलं. त्या चुकीच्या आहेत असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

माझ्या प्रतीत ८७ व्या पानावर 'बोहेमियाच्या' आणि 'पोलंडच्या' या दोन शब्दांना वळसा घालून अदलाबदलीची खूण केलीय, प्रूफात करतात तशीच, आणि समासात लिहिलंय, आतेभाऊ.