औषधांच्या अंकाला डिझाइन कशाला?

आमच्या अंकाच्या डिझाइनवर मी एवढी मेहनत का घेते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या मराठी त्रैमासिकाची वर्गणी बडोद्यातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या औषधपाण्याला जाते. त्यामुळे कुणी ना कुणी म्हणतंच, "अहो, डिझाइनवर एवढी मेहनत कशाला? आणखी चार गोळ्या येतील."

खरं तर गोळ्यांचे पैसे डिझाइन करतानाच वाचतात. ऑफसेट छपाईला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. आम्ही काळ्याच्या जोडीला फक्त विटकरी ठेवला. फिकट विटकरी हवा तर त्याच प्लेटवर बारीक ठिपके पाडायचे, तिसरी शाई नको. डेमी कागद १८ × २३ इंचांचा. तीन घड्या घातल्या की १६ पानं. म्हणून अंक ३२ पानांचा, दोन कागदांत बसणारा. संपादकांना दोन पानं जास्त हवी असली तरी मी ऐकत नाही.

अक्षराच्या बाबतीत तर मी हट्टीच आहे. आमचे वाचक दांडिया बाजार, रावपुऱ्यातले, बरेचसे सत्तरी ओलांडलेले. बालपणी पाटीवर गिरवलेला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला ठरवली, तीतही हीच रूपं आहेत. पण पुष्कळ फाँटांत हिंदीचा दंडाचा ल आणि गाठीचा श आधी पुढे येतो. फाँटमध्ये मराठी रूपं असली, तरी मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून द्यावी लागते, नाहीतर सॉफ्टवेअर हिंदीच गृहीत धरतं. हे मी दर अंकाला, पहिल्या प्रूफवर, भिंग घेऊन तपासते. कुणाला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. आपल्या वळणाचं अक्षर दिसलं की हा अंक आपला, हे वाचायच्या आधीच कळतं.

नातवंडं गुजराती शाळेत जातात, म्हणून एक पान गुजरातीत असतं. त्याला 'हिंद वडोदरा' हा मुक्त परवान्याचा फाँट वापरते. गुजरातीला शिरोरेघ नाही, त्यामुळे मराठी मजकुराशेजारी ती ओळ फिकी पडते. तिथे फाँटचं एक वजन, म्हणजे जाडीची एक पायरी, जास्त घेतलं की दोन्ही पानं सारख्या काळेपणाची दिसतात.

फोटोंचा नियम एकच: हात पसरलेलं माणूस छापायचं नाही. आजी आपल्या खुर्चीत बसलेल्या, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि छापायच्या आधी फोटो त्यांना दाखवलेला. मदत घेतली म्हणून कुणाचा आब जाता कामा नये.

शेवटचं पान जमाखर्चाचं. तो मुख्य मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात लावते, आकडे उजवीकडे एका रेषेत. पन्नास रुपये देणाऱ्या आजोबांनाही आपले पैसे कुठल्या ओळीत आहेत ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मलपृष्ठावर जाहिरात घ्यायची सूचना अधूनमधून येते. जाहिरात आतल्या पानावर घेतो. हिशेब तिथून हलत नाही.