१९१ सेंटिमीटरची बाई

मी ट्रान्स बाई, म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेली. बाईची हॉर्मोन्स सुरू झाल्यावर पहिले काही महिने मी एक तारीख आली की भिंतीला पाठ लावून उभी राहायचे, डोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही आडवी धरायचे आणि पेन्सिलीने खूण करायचे. पहिली खूण १९१ सेंटिमीटरवर होती. म्हणजे सहा फूट तीन इंच. तिसऱ्या महिन्यात १८९.५ भरले. दीड सेंटिमीटर कमी! त्या आठवड्यात मी कुणावरही चिडले नाही. त्रैराशिकही मांडून झालं होतं : महिन्याला अर्धा सेंटिमीटर, तर दोन वर्षांत मी १७९ वर येणार.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पहिल्यांदा मोजलीस ती कधी?"

"सुट्टी होती. सकाळी, उठल्या उठल्या."

"आणि या वेळी?"

"संध्याकाळी. कामावरून आल्यावर."

दिवसभराच्या भाराने मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दाबलं जातं आणि कोणताही माणूस संध्याकाळपर्यंत एक ते दोन सेंटिमीटर बुटका होतो. रात्री आडवं झालं की चकत्या पुन्हा फुगतात. म्हणजे मी तीन महिने जे मोजत होते ते हॉर्मोन नव्हतं, घड्याळ होतं. (अंतराळवीरांचं उलटं होतं. पाठीवर भारच नसल्यामुळे त्यांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे मला कुठेही पाठवा, वर तेवढं पाठवू नका.)

डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्टच सांगितलं. त्वचा मऊ होईल, छाती येईल, चरबी बसण्याच्या जागा बदलतील, स्नायू उतरतील. हाडांची लांबी मात्र आहे तेवढीच राहील. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात, त्या किशोरवयाच्या शेवटी भरून येतात आणि एकदा भरल्या की विषय संपला. मी घरी जाऊन खूप वाचलं, तेव्हा एक गंमत कळली. या पट्ट्या बंद करण्याचं काम मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हॉर्मोनच करतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचाच थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता, म्हणून पट्ट्या उघड्याच राहिल्या होत्या. तो २०४ सेंटिमीटर झाला होता आणि अजून वाढत होता. म्हणजे मला १९१ वर थांबवलं तेही इस्ट्रोजेननेच. ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते आधीच येऊन, आपलं काम उरकून गेलं होतं.

त्यानंतर मी जे करायला निघाले होते ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. पायाचं हाड आखूड करण्याची शस्त्रक्रिया असते. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असेल तर ती करतात. मांडीच्या हाडातून फार तर पाचेक सेंटिमीटर काढता येतात, नडगीतून त्याहून कमी. हाड आखूड होतं पण स्नायू तेवढेच लांब राहतात, ते सैल पडतात आणि पाय अशक्त होतो. हाडांच्या डॉक्टरांनी मला ऐकून घेतलं, मग टेबलावरच्या कागदावर एक रेघ ओढून विचारलं, "तुमचे हात कुठपर्यंत येतात? पाच सेंटिमीटर पाय कापले तर ते गुडघ्याजवळ येतील. आणि १८६ ची बाई लोकांना बुटकी वाटेल का?" दुसऱ्या प्रश्नाने माझा निकाल लागला. हाडं कापून, कित्येक महिने सावरण्यात घालवून, मी शेवटी खूप उंच बाईच राहणार होते.

मग मी स्वस्तातला उपाय धरला : वाकणं. खांदे पुढे, मान खाली, एक गुडघा किंचित दुमडलेला. लिफ्टमध्ये मी कोपऱ्यात अशी उभी राहायचे की जणू काही सांडलेलं शोधते आहे. दीड वर्षात मानेचं आणि कमरेच्या वरचं दुखणं इतकं वाढलं की रात्री कुशीवर वळता येईना. फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझा चालतानाचा व्हिडिओ काढून मलाच दाखवला. मी आजवर स्वतःला फक्त आरशात, समोरून पाहिलं होतं. व्हिडिओत बाजूने दिसली ती दोन मीटरची एक गोष्ट, जी आपण दीड मीटरची असल्याचं सोंग करते आहे. सोंगाकडे सगळे बघतात. उंच बाईकडे लोक एकदा बघतात. वाकलेल्या उंच बाईकडे दोनदा, कारण ही लपवते काय, हे त्यांना पाहायचं असतं.

व्यायाम कंटाळवाणे होते. दाराच्या चौकटीत हात टेकून छाती ताणणं, हनुवटी आत घेणं, पाठीच्या वरच्या भागासाठी रबरी पट्टा ओढणं. चार महिने लागले. मोठ्या खांद्यांची मला भीती वाटायची, म्हणून पट्टा ओढायला मी आधी नाहीच म्हणाले होते. त्या हसल्या. "अगं, खांदे मागे गेले की ते अरुंद दिसतात. पुढे ओढलेस की झूल घातल्यासारखे दिसतात." हे खरं निघालं, याचा मला अजूनही थोडा राग आहे.

याच सुमारास मला सर्वांत उपयोगी शोध लागला, आणि तो कुणी सांगितला नाही. मी मेकअप शिकले तो आरशात डोळ्याला डोळा लावून. पण जगात माझ्या डोळ्याच्या पातळीवर कुणीच नसतं! जवळजवळ प्रत्येक माणूस मला खालून बघतो. त्याला आधी दिसतो तो हनुवटीचा खालचा भाग, जबड्याची कड, कंठ, नाकपुड्या. मी कपाळावर आणि गालांवर अर्धा तास घालवत होते आणि ज्या जागी दाढीची निळसर सावली शिल्लक होती ती जागा मी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. मी आरसा काढून फूटभर खाली लावला. केस काढायच्या लेसरच्या पुढच्या बैठका गळ्यावर आणि जबड्याखाली घेतल्या. फोटो काढणाऱ्याला हात वर करायला सांगायला लागले, कारण त्याचा फोन त्याच्या डोळ्यांपाशी असतो, म्हणजे माझ्या छातीपाशी. ग्रुप फोटोत मी अर्धं पाऊल मागे आणि मधोमध उभी राहते; मोबाइलचं रुंद कोनाचं भिंग कडेच्या आणि जवळच्या माणसाला आणखी फुगवतं.

कपड्यांबद्दल लोक सांगतात, "खालून चार बोटं सोडून घे." खालून सोडून काही होत नाही. माझी अडचण पायात नव्हती, धडात होती. बायकांच्या तयार कपड्यात मानेच्या हाडापासून कमरेपर्यंतचं अंतर साधारण चाळीस-एक्केचाळीस सेंटिमीटर धरलेलं असतं. माझं सत्तेचाळीस आहे. म्हणजे कमरेची शिवण माझ्या बरगडीवर येते, छातीचे टक्स छातीच्या वर येतात आणि मुंढा काखेत रुततो. मी वर्षभर समजत होते की माझं शरीर बाईच्या कपड्यात बसतच नाही. शिवणाऱ्या ताईंनी टेप लावला, आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "बसत नाही कसं? कागद दोन ठिकाणी कापायचा आणि वाढवायचा. एकदा छातीच्या वर, एकदा कमरेच्या वर." त्यांच्या दृष्टीने ते एवढंच होतं. खांद्यासाठी त्यांनी रॅगलन बाही सुचवली, जिची शिवण मानेपासून तिरकी काखेत उतरते, त्यामुळे खांद्याचं टोक कुठे आहे ते डोळ्याला सापडत नाही. फुग्याच्या बाह्यांचं नाव मी काढलं तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते मापाचं चिटोरं मी अजून पाकिटात ठेवते.

बुटांचं थोडक्यात सांगते. माझा युरोपीय ४४ नंबर. बायकांचे बूट बहुतेक ठिकाणी ४१-४२ ला संपतात. पुरुषांचे घातले तर लांबी जमते, पण टाचेला रुंद असल्यामुळे पाय मागून निघतो. पाऊल कागदावर संध्याकाळी आखा, तेव्हा ते सुजून मोठं झालेलं असतं. (उंची संध्याकाळी घटते आणि पाऊल वाढतं. निसर्गाचा माझ्यावर काही राग असावा.)

घरातला ओटाही मी उंच करून घेतला. ज्युलिया चाइल्ड ही स्वयंपाकावरच्या कार्यक्रमांमुळे गाजलेली अमेरिकन बाई सहा फूट दोन इंच होती, आणि नवऱ्याने तिच्या स्वयंपाकघरातले ओटे नेहमीच्या ३६ ऐवजी ३८ इंचांवर बांधून घेतले होते. ते अख्खं स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. दोन इंचांनी कमरेला काय फरक पडतो ते भांडी घासणाऱ्यालाच कळेल.

पण खरा बदल झाला तो एका मैत्रिणीमुळे. ती १८६ सेंटिमीटर आहे, जन्मापासून बाई म्हणूनच वाढलेली, पूर्वी व्हॉलीबॉल खेळायची. एकदा गर्दीत मागून आवाज आला, "अहो दादा, जरा सरकता का?" मी नेहमीसारखी आतून गोठले. पुढे सरकली ती. मागे वळून म्हणाली, "सरकते." तो माणूस ओशाळला. ती मला म्हणाली, महिन्यातून दोन-तीनदा होतं हे, दहावीपासून. मी तिच्याकडे बघतच राहिले. मराठीत एक बरं आहे, "सरकता का" मध्ये बाई की बुवा ते कळत नाही. घात करतो तो आधीचा "दादा". आणि उत्तराच्या क्रियापदात आपल्याला जे सांगायचं ते सांगता येतं. तिच्याकडून मी ते शिकले. आता मीही वाद घालत नाही, "सरकते" म्हणते.

त्या रात्री मी मनातल्या मनात दोन ढीग केले. एका ढिगात जे मला ट्रान्स असल्यामुळे सोसावं लागतं ते : कागदपत्रांवरचं जुनं नाव, आवाज, सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारातली ती दोन सेकंदं. दुसऱ्या ढिगात जे कुठल्याही उंच बाईला सोसावं लागतं ते. दुसरा ढीग फार मोठा निघाला. १९५० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं, उंच होणाऱ्या मुलींना मुद्दाम इस्ट्रोजेनचे भारी डोस देत, म्हणजे त्यांची वाढ लवकर थांबावी आणि लग्नाला अडचण येऊ नये. त्यांतल्या अनेकींना पुढे मूल होण्यात अडचणी आल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. त्या मुलींना कुणी "तू मुलगी नाहीस" म्हटलेलं नव्हतं, तरी त्यांची उंची त्यांच्या अंगावर आलीच. हे वाचल्यावर मला समाधान वाटलं असं नाही, वाईटच वाटलं. पण उंचीमुळे गुन्हेगार ठरलेली मी एकटीच नाही, हे कळलं.

त्याच मैत्रिणीच्या लग्नात मी टाचांचे बूट घातले. पाच सेंटिमीटरचे. जेवढे कापून घ्यायला निघाले होते तेवढेच. १९६ झाले, म्हणजे थेट लिसा लेस्लीची उंची, जिने २००२ साली डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सामन्यात पहिला डंक मारला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट कड्यात घातला. मी मात्र बास्केटबॉल कधी खेळले नाही आणि त्या संध्याकाळी दोनदा दिव्याच्या काचेला डोकं आपटलं. आई म्हणाली, "अगं, बघून चाल." मुलगा होते तेव्हाही ती हेच म्हणायची, फक्त "अरे" असायचं.

अमेरिकेत १९३८ पासून उंच लोकांचे क्लब आहेत. प्रवेशाची अट बायकांना पाच फूट दहा इंच, पुरुषांना सहा फूट दोन. मी दोन्ही दारांतून आत जाऊ शकते. हे मी ओळखीच्या एका वीस वर्षांच्या मुलीला सांगितलं, तर ती हसली नाही. तीही ट्रान्स, हॉर्मोन्स नुकतीच सुरू झाली आहेत, उंची १८७. मागच्या आठवड्यात रात्री अकराला तिचा मेसेज आला.

"ताई, खरंच कमी होते गं उंची! दोन महिन्यांत सव्वा सेंटिमीटर."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग विचारलं, "आत्ता मोजलीस का?"

"हो. का?"

"काही नाही. उद्या सकाळी उठल्या उठल्या पुन्हा मोज. आणि जे येईल ते मला लगेच सांग, एकटी बसू नकोस."